स्क्रू आधी, सोल्डर मागून : वाचकांचे प्रश्न

पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किटच्या बोर्डावर, स्क्रूने भाग बसवताना येणाऱ्या अडचणींबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ७८०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर आयसी वापरून ५ व्होल्ट काढतो. भार साधारण अर्धा अँपिअर. आयसी उभ्या हीटसिंकला (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) एम-३, म्हणजे ३ मि.मी. व्यासाच्या, स्क्रूने बसवला आहे. काही महिन्यांनी त्याच्या पायांचे सोल्डर सुटते. पुन्हा सोल्डर मारले की चालते, मग परत तेच. आयसी बदलूनही फरक नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : आयसी बदलून फरक पडणार नाही, कारण दोष त्याचा नाही. लक्षणांवरून दिसते की आयसी आधी बोर्डात सोल्डर होतो आणि हीटसिंकचा स्क्रू त्यानंतर आवळला जातो. स्क्रू आवळताना आयसीच्या टीओ-२२० आवरणाची टॅब (भोक असलेली धातूची पट्टी) थोडी तरी फिरते आणि हीटसिंककडे ओढली जाते. पाय तोवर सोल्डरने जखडलेले असतात, म्हणून हा सगळा ताण सोल्डरच्या तीन ठिपक्यांत कायमचा अडकून राहतो. पुढे रोजच्या तापण्या-निवण्यात पायाभोवती काळसर वर्तुळाकार भेग पडते. भिंगातून पाहा, दिसेल.

क्रम असा ठेवा. आयसीचे पाय भोकांत सोडा, पण सोल्डर करू नका. हीटसिंक बोर्डावर त्याच्या स्वतःच्या स्क्रूंनी किंवा सोल्डर होणाऱ्या खुंट्यांनी पक्का करा. मग आयसी चिमट्यात सरळ धरून टॅबचा स्क्रू पूर्ण आवळा आणि सगळ्यात शेवटी पाय सोल्डर करा. दुरुस्तीच्या वेळी हाच क्रम उलटा : आधी सोल्डर काढायचे, मग स्क्रू.

आयसीच्या तीन पायांवर उभा राहिलेला हीटसिंक बाजारातल्या बऱ्याच किटांत दिसतो. ते चूक आहे. पाय वीज नेण्यासाठी आहेत, अॅल्युमिनियमचा ठोकळा तोलण्यासाठी नाहीत. पाय वाकवायचे असतील तर प्लॅस्टिकपासून किमान ३ मि.मी. सोडून वाकवा, आणि वाक व प्लॅस्टिक यांच्या मधली जागा चिमट्याने धरा, म्हणजे आतली जोडणी ताणली जात नाही. जागा असेल तर पायांना हलकेच नागमोडी वळण द्या. हीटसिंक तापून वाढला की ते वळण थोडे दबते आणि सोल्डरवर भार येत नाही.

हीटसिंकचे मापही तपासा. १२ वजा ५ म्हणजे ७ व्होल्ट, गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे ३.५ वॉट उष्णता. हीटसिंकशिवाय टीओ-२२० ला प्रत्येक वॉटमागे साधारण ६५ अंश चढतात, तेव्हा इथे हीटसिंक हवाच. भोवतालची हवा ४० अंश आणि आतला सिलिकॉन (आयसीची चिप) ११० अंशांपर्यंत चालेल असे धरले, तर ७० भागिले ३.५, म्हणजे एकूण २० अंश प्रतिवॉट हाताशी आहेत. त्यातले सुमारे ५ आयसीच्या आत आणि १ टॅब व हीटसिंकच्या सांध्यात जातात. म्हणून हीटसिंक १४ अंश प्रतिवॉट किंवा त्याहून कमी आकड्याचा घ्या. दुकानदार ‘छोटा, मधला, मोठा’ असे सांगतात, तेवढ्यावर जाऊ नका. आकडा विचारा.

आवळणीबद्दल. टीओ-२२० च्या एम-३ स्क्रूला साधारण ०.५ ते ०.६ न्यूटन-मीटर पुरते. १० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला अर्धा किलो टांगले तर जेवढा पीळ बसतो, तेवढा हा आहे. स्क्रू ड्रायव्हर मुठीत धरून जोर लावलात तर याच्या पुढे जाल. अंगठा आणि दोन बोटे पुरे. जास्त आवळल्याने उष्णता जास्त जाते हा गैरसमज आहे. स्क्रू टॅबच्या टोकाला असतो, तापणारा सिलिकॉन दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकखाली. फार आवळले की टॅब वाकून सिलिकॉनकडची बाजू हीटसिंकवरून किंचित उचलली जाते, आणि नेमकी नको तिथे फट पडते. याच कारणाने तिरप्या डोक्याचा काउंटरसिंक स्क्रू इथे वापरत नाहीत. पत्र्याचा सेल्फ टॅपिंग स्क्रूही नको, तो भोकाच्या कडेचा धातू वर उचलतो. पॉप रिव्हेट तर मुळीच नको, त्याच्या झटक्याने आतला सिलिकॉन तडकू शकतो.

प्रश्न : ऑप-अँप या ॲम्प्लिफायर आयसीसाठी प्लस-मायनस ५ व्होल्टचा पुरवठा केला. ७८०५ आणि मायनस बाजूचा रेग्युलेटर ७९०५ एकाच हीटसिंकवर शेजारी बसवले. चालू करताच फ्यूज उडतो. दोन्ही आयसी सुटे तपासले, ठीक आहेत. — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : दोन्ही टॅब सारख्या दिसतात, आतून सारख्या नाहीत. ७८०५ ची टॅब ग्राउंडला जोडलेली असते, ७९०५ ची टॅब इनपुटला, म्हणजे मायनसच्या अनियंत्रित पुरवठ्याला. एका धातूवर दोन्ही बसवले की तो पुरवठा सरळ ग्राउंडला शॉर्ट. एलएम-३१७ या रेग्युलेटरची टॅब आउटपुटवर असते, टीआयपी-१२२ या ट्रान्झिस्टरची कलेक्टरवर, आयआरएफझेड-४४एन या मॉसफेटची ड्रेनवर. बसवण्याआधी डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) पाहायची ती यासाठी.

७९०५ खाली अभ्रकाची चकती किंवा सिलिकॉन रबराचे पॅड घाला आणि स्क्रूवर इन्सुलेटिंग बुश (वीज अडवणारी छोटी नळी) चढवा. नुसते अभ्रक पुरत नाही, कारण स्क्रू स्वतःच टॅबला हीटसिंकशी जोडतो. बुशाचा गळा टॅबच्या भोकात नीट उतरला पाहिजे, आणि बुशावर सपाट वॉशर हवा, नाहीतर स्क्रूचे डोके बुशात रुतते. नायलॉनचा बुश उष्णतेने हळूहळू दबतो आणि स्क्रू सैल होतो. जास्त तापणाऱ्या जागी काचतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकचा बुश घ्या.

अभ्रकाला दोन्ही बाजूंनी पांढरी थर्मल पेस्ट लागते, पण पातळ, खालचा धातू अंधुक दिसावा इतकीच. सिलिकॉनच्या पॅडला पेस्ट लावत नाहीत. अभ्रक फाटण्याचे सर्वांत मोठे कारण भोकाभोवतीची बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धातूची धार. हीटसिंकला ३.२ मि.मी.चे भोक पाडल्यावर मोठ्या जाडीचे ड्रिल हाताने दोन फेरे फिरवून कड मोडा आणि बोट फिरवून खात्री करा. नखाला अडकते ते अभ्रकालाही अडकणार.

पुरवठा जोडण्याआधी मल्टिमीटरने ७९०५ ची टॅब आणि हीटसिंक यांच्यात रेझिस्टन्स पाहा. जोडणी उघडी दिसली पाहिजे. एक फसगत इथे होते : काळ्या ॲनोडाइज्ड हीटसिंकचा वरचा थर स्वतःच वीज अडवतो. प्रोब नुसती टेकवली तर आत शॉर्ट असूनही मीटर काही दाखवत नाही. कोपऱ्यात चाकूने खरवडून उघड्या धातूवर प्रोब टेकवा. आणि तो काळा थर आहे म्हणून अभ्रक न घालण्याचा मोह टाळा; एका ओरखड्यात तो निकामी होतो.

प्रश्न : बोर्ड पत्र्याच्या पेटीत १० मि.मी.च्या पितळी स्पेसरवर (आत आटे असलेल्या खुंट्यांवर) बसवला आहे. वरून-खालून ८ मि.मी.चे एम-३ स्क्रू आहेत. सगळे घट्ट आवळले, तरी बोर्ड खडखडतो. स्पेसर खराब आहेत का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : स्पेसर चांगले आहेत, स्क्रू लांब आहेत. हिशेब करून पाहा. वरचा स्क्रू : ८ मि.मी.तून १.६ चा बोर्ड, ०.५ चा सपाट वॉशर आणि ०.८ चा स्प्रिंग वॉशर वजा केला की ५.१ मि.मी. स्पेसरमध्ये उतरतो. खालचा : पत्रा १.२ आणि स्प्रिंग वॉशर ०.८ वजा केला तर ६ मि.मी. दोन्ही मिळून ११.१, आणि स्पेसर आहे १० चा. दोन्ही स्क्रूंची टोके मध्ये एकमेकांवर आदळतात. हाताला घट्ट लागते, पण बोर्ड दाबलाच जात नाही. दोन्हीकडे ६ मि.मी.चे स्क्रू घ्या, वर ३.१ आणि खाली ४ मि.मी. पकड मिळेल. पितळेत पकड निदान स्क्रूच्या व्यासाएवढी, म्हणजे एम-३ ला ३ मि.मी. हवी. तेवढी मिळते.

स्प्रिंग वॉशर थेट हिरव्या बोर्डावर ठेवू नका. त्याची धारदार कड सोल्डर मास्क, म्हणजे वरचा हिरवा थर, खरवडते आणि खालचा ट्रॅक (तांब्याची पट्टी) कापते. आधी सपाट वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग डोके. एम-३ चा सपाट वॉशर ७ मि.मी. व्यासाचा असतो, हे बोर्ड आखतानाच ध्यानात ठेवावे. बोर्ड आखायच्या केआयकॅड या सॉफ्टवेअरमधल्या पॅडवाल्या एम-३ च्या तयार आराखड्यात भोक ३.२ आणि पॅड ६.४ मि.मी. आहे, म्हणजे वॉशर पॅडच्या बाहेर येतो. भोकाभोवती ८ मि.मी. व्यासाच्या वर्तुळात एकही ट्रॅक जाऊ देऊ नका.

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या बोर्डाच्या भोकांत एम-३ जात नाही. ३ मि.मी.चे ड्रिल फिरवले तर चालेल का? — एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. ती भोके २.७ मि.मी.ची, एम-२.५ साठी आहेत, भोकांच्या मध्यांमधले अंतर ५८ बाय ४९ मि.मी. बोर्ड अनेक थरांचा आहे; ड्रिलने निघालेला तांब्याचा कीस आतले थर एकमेकांना जोडू शकतो. एम-२.५ चे स्पेसर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. आर्डुइनो उनो या बोर्डाची भोके मात्र ३.२ मि.मी.ची आहेत. त्यातले एक कनेक्टरला इतके चिकटून आहे की स्क्रूचे डोके त्यावर चढते. तिथे नायलॉनचा स्क्रू वापरा, आणि तो जेमतेम टेकेल एवढाच फिरवा.

प्रश्न : आमच्या छोट्या कारखान्यात एक कंट्रोल बोर्ड बनतो. टेबलावर तपासताना सगळे बोर्ड चालतात. प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवल्यावर काही बोर्डांत १२ व्होल्टची लाइन शॉर्ट होते, काहींत आठवड्याने होते. — एक उद्योजक, चाकण

उत्तर : या पत्रातला दोष सर्वांत महागात पडणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर. कोपऱ्यातल्या स्क्रूजवळचे १२०६ मापाचे (साधारण ३ मि.मी. लांब) किंवा त्याहून मोठे सिरॅमिक कपॅसिटर आधी तपासा. सिरॅमिक वाकत नाही. बोर्ड वाकला की कपॅसिटरच्या धातूच्या टोकाच्या कडेपासून आत सुमारे ४५ अंशांत भेग जाते. वरून काही दिसत नाही, आणि सुरुवातीला मोजमापही बरोबर येते. पुढे भेगेत ओल शिरते आणि आतले प्लेट जोडले जातात. आठवड्याने होणारे शॉर्ट ते हेच. पुरवठा करंट-लिमिटवर लावून बोर्डाला हात लावा, दोषी कपॅसिटर गरम लागतो.

बोर्ड वाकतो कशामुळे, ते शोधा. साच्यातून आलेल्या खोक्याचे चार खुंट एका पातळीत क्वचित असतात. स्क्रू न लावता बोर्ड नुसता ठेवा आणि एकेक कोपरा दाबा. डुगडुगत असेल तर वर राहिलेल्या कोपऱ्याखाली झेरॉक्सच्या कागदाच्या पट्ट्या सरकवून पाहा. एक कागद साधारण ०.१ मि.मी. तीन-चार कागद सहज जात असतील, तर स्क्रू आवळताना बोर्ड तेवढा वाकणारच. त्या खुंटावर तेवढ्या जाडीची चकती घाला, किंवा साचा दुरुस्त करून घ्या.

आवळण्याची रीत बदला. सगळे स्क्रू आधी दोन-तीन आटे धरतील इतकेच फिरवा, मग समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून टेकवा, शेवटची आवळणी त्याच क्रमाने करा. पहिला स्क्रू पूर्ण आवळून पुढे जाणारा कारागीर भराभर काम करतो खरा, पण चौथ्या कोपऱ्यावर बोर्ड वाकवून बसवतो. इलेक्ट्रिक ड्रायव्हर असेल तर त्याचा क्लच ठरावीक पिळाला सुटेल असा लावून घ्या.

पुढच्या आवृत्तीत सिरॅमिक कपॅसिटर स्क्रूच्या भोकापासून किमान ५ मि.मी. दूर न्या, १२०६ पासून पुढचे आकार त्याहून जास्त. कपॅसिटरची लांबी भोकाभोवतीच्या वर्तुळाच्या कडेने ठेवा, भोकाकडे रोखलेली नको. बोर्ड भोकापासून बाहेरच्या दिशेने वाकतो. जागा नसेलच, तर एका १२०६ ऐवजी दोन छोटे ०६०३ समांतर, किंवा मऊ टोकाचे कपॅसिटर.

प्लॅस्टिकच्या खुंटात सेल्फ टॅपिंग स्क्रू पुन्हा लावताना आधी उलटा फिरवा. ‘टक्’ करून तो जुन्या आट्यात बसला की मग सुलटा आवळा. नाहीतर दर वेळी नवे आटे कापले जातात आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला खुंट निकामी होतो.

प्रश्न : ट्रॅक्टरवर बसवलेल्या कंट्रोलरचे स्क्रू स्प्रिंग वॉशर घालूनही सुटतात. लॉकटाइट (आटे चिकटवणारे द्रव) लावावे का? — एक वाचक, बारामती

उत्तर : स्प्रिंग वॉशरवर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. स्क्रू पूर्ण आवळला की तो चपटा होतो, आणि तिथून पुढे सपाट वॉशरसारखाच वागतो. नासाच्या १९९० च्या फास्टनर डिझाइन मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. त्याआधी, १९६९ मध्ये, जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी प्रयोगांनी दाखवले होते की स्क्रू मुख्यतः आडव्या हालचालीने सुटतो : जोडलेले दोन भाग एकमेकांवर घसरले की आटे आपोआप उलटे फिरतात. तेव्हा ती घसरण थांबवणे हे खरे काम आहे. भोके सैल नकोत, आवळणी पुरेशी हवी, आणि १५० मि.मी.पेक्षा लांब बोर्डाला मध्ये पाचवा आधार द्या. दोन आधारांमधले अंतर निम्मे केले की बोर्डाची स्वतःची कंपनसंख्या सुमारे चौपट होते, आणि इंजिनच्या थरथरीपासून ती दूर जाते.

लॉकटाइट चालेल, पण पितळी स्पेसरवर जांभळे २२२ घ्या. ते लहान स्क्रूंसाठीच आहे आणि साध्या ड्रायव्हरने सुटते. लाल २७१ मात्र नको, काढताना एम-३ चे डोके जाईल. हे द्रव हवा बंद झाल्यावर धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. पितळेत लवकर, स्टेनलेसमध्ये सावकाश, आणि नायलॉनच्या स्पेसरमध्ये होतच नाही. पूर्ण ताकदीला एक दिवस द्या. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसच्या खोक्यावर त्याचा थेंबही पडू देऊ नका. ताणाखालचे प्लॅस्टिक त्याने तडकते. नट वापरता येत असेल तर नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) सर्वांत सोपा.

उभे मोठे कपॅसिटर आणि कॉइल यांना बुडाशी सिलिकॉनचे सीलंट लावा, पण व्हिनेगरसारखा वास येणारे नव्हे. त्यातले आम्ल तांबे खाते. न्यूट्रल क्युअर लिहिलेले घ्या.

प्रश्न : रिले बोर्डच्या हिरव्या टर्मिनलमध्ये तारेला सोल्डर लावून आवळतो, म्हणजे धागे सुटत नाहीत. तरी टर्मिनल काळे पडते. — एक इलेक्ट्रिशियन, सोलापूर

उत्तर : सोल्डर लावता म्हणूनच काळे पडते. सोल्डर मऊ आहे. स्क्रूच्या सततच्या दाबाखाली ते हळूहळू सरकते, पकड सैल होते, सांध्याचा रेझिस्टन्स वाढतो, सांधा तापतो, आणि तापला की आणखी सरकते. तारेला क्रिंप करायची, म्हणजे दाबून बसवायची, फेरूल (धातूची छोटी नळी) घाला; १ चौ.मि.मी. तारेला ८ मि.मी. लांबीची. फेरूल नसेल तर नुसती तार पिळून घाला, तीही सोल्डरपेक्षा बरी. एम-३ च्या टर्मिनलला ०.५, एम-२.५ ला ०.४ न्यूटन-मीटर. आवळताना टर्मिनल दोन बोटांत धरा, नाहीतर सगळा पीळ खालच्या सोल्डरला बसतो. बाहेर येणारी तार ३ ते ५ सेंटिमीटरवर केबल टायने बांधा. रिलेवर १० अँपिअर छापलेले असते, म्हणून बोर्डावरचा बारीक ट्रॅक १० अँपिअर नेईल असे नाही. कायम तेवढा भार असेल तर ट्रॅकवर जाड तार सोल्डर करून घ्या.

२३० व्होल्टचा ट्रॅक आणि कोपऱ्यातल्या स्क्रूचे डोके यांमध्ये अंतर मोजा, वॉशरच्या कडेपासून. पेटीला अर्थ नसेल आणि तो स्क्रू बाहेरून हाताला लागत असेल, तर किमान ६ मि.मी. हवे. ते नसेल तर तो स्पेसर आणि स्क्रू नायलॉनचे करा. पेटीच्या अर्थिंगसाठी बोर्डाचा स्क्रू वापरू नका. त्याला वेगळा बोल्ट, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. अर्थच्या पिनपासून पेटीपर्यंत रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आत हवा.

प्रश्न : मालवणला समुद्राजवळ सोलर कंट्रोलर आहे. स्क्रू गंजून डोकी झिजली. कोणते स्क्रू घ्यावेत? — एक वाचक, मालवण

उत्तर : झिंक चढवलेले स्क्रू खाऱ्या हवेत टिकत नाहीत. स्टेनलेस ३०४ पेक्षा ३१६ घ्या. त्यावर ए-४ असा शिक्का असतो. मोठ्या अॅल्युमिनियम हीटसिंकवर छोटा स्टेनलेस स्क्रू चालतो. उलट, मोठ्या स्टेनलेस पट्टीत अॅल्युमिनियमचा छोटा रिव्हेट लवकर खाल्ला जातो. स्टेनलेसमध्ये स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांना चिकटून अडकतात, म्हणून थोडे ग्रीस लावा आणि सावकाश फिरवा. बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर) मारायचे ते सगळे स्क्रू आवळल्यावर, टर्मिनल आणि कनेक्टर टेपने झाकून. अर्थचा स्क्रू असेल तर आधी आवळून घ्या, म्हणजे त्याच्याखाली कोटिंग जात नाही. झिजलेल्या डोक्यांचे बरेचदा कारण ड्रायव्हरचे चुकीचे टोक असते : आयएसओ ७०४५ या स्क्रूंच्या मानकानुसार एम-२.५ आणि एम-३ ला पीएच-१ (फिलिप्स टोकाचे माप), एम-३.५ ते एम-५ ला पीएच-२.